स्वमग्न मुलांचे पोषण : आधी काय, मग काय

(मंडळाच्या वर्धापनदिनी जामखेड येथे झालेले भाषण)



 मी डॉक्टर नाही आणि आहारशास्त्राची परीक्षाही दिलेली नाही. चाळीस वर्षे संसार केला, मुले वाढवली आणि गेली सहा वर्षे एका स्वमग्न नातवाची आजी आहे, एवढाच माझा अधिकार. तेव्हा आज जे सांगणार आहे ते काही डॉक्टरांना विचारून, काही वाचून आणि बरेचसे स्वतः चुकून शिकलेले आहे. त्यातले चुकून शिकलेलेच आपल्या जास्त उपयोगी पडेल असे मला वाटते.

विषय असा आहे. ज्या घरात मूल स्वमग्न आहे, म्हणजे ज्याला इंग्रजीत ऑटिझम म्हणतात ते आहे, त्या घरात थोड्याच दिवसांत औषधांच्या बाटल्या आणि पावडरींचे डबे जमू लागतात. कोणी मेंदूसाठी म्हणून देतो, कोणी बोलण्यासाठी म्हणून, कोणी पोट साफ होण्यासाठी म्हणून. यातले खरोखर आवश्यक कोणते, आधी कोणते द्यावे, कोणते मुळीच देऊ नये, हे आईने कसे ठरवावे? हा प्रश्न आपल्या मंडळातल्या निदान तीन घरांना पडलेला मला ठाऊक आहे. म्हणून तो चार भिंतींआड न ठेवता येथे मांडते.

प्रथम स्वमग्नता म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले आपल्यातच रमत, माणसांशी त्यांचा सहज मेळ बसत नसे, आणि रोजच्या क्रमात थोडा बदल झाला तरी ती कासावीस होत. तेव्हापासून या अवस्थेला हे नाव मिळाले. मुले त्यापूर्वीही होतीच. आपल्याकडे त्यांना खुळे म्हणत, मुके म्हणत, किंवा बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावत. आज आपल्याला माहीत आहे की हा मेंदूच्या वाढीतला जन्मजात वेगळेपणा आहे, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईची माया कमी पडल्यामुळे हे होत नाही. एके काळी मोठमोठ्या विद्वानांनीही आयांना तसा दोष दिला होता. अमेरिकेतील बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून तो दोष खोडून काढला. लसीमुळेही हे होत नाही. तसे सुचवणारा १९९८ सालचा लेख त्या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. तेव्हा कृपा करून कोणी लस चुकवू नये.

हे मी मुद्दाम आधी सांगते. माझा नातू तीन वर्षांचा होऊनही बोलेना, हाक मारली तर वळून पाहीना, तेव्हा आमच्या गल्लीत काय बोलले गेले ते मी ऐकले आहे. सूनबाईंनी ग्रहण पाळले नसेल, पोटुशी असताना पपई खाल्ली असेल, मोबाईल फार पाहिला असेल. खरे सांगायचे तर पहिल्या वर्षी त्यातले काही माझ्याही तोंडून निघाले. ती पोर काही बोलली नाही. पण त्यानंतर जो कोणी जे सांगेल ते ती मुलाला देऊ लागली. आपण आईला दोष दिला की ती डब्यांच्या दुकानाकडे धावते, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

आमच्या घरात एका वर्षात जमलेल्या वस्तू सांगते. एक बहुजीवनसत्त्वांचे सिरप, एक कॅल्शियमचे सिरप, माशाच्या तेलाच्या गोळ्या, बुद्धी वाढवणारी म्हणून आणलेली चॉकलेटच्या वासाची पावडर, एक चाटण, आणि परगावाहून पोस्टाने येणारा एक डबा. त्या डब्याची किंमत सांगायची मला लाज वाटते. तो डबा चालू राहावा म्हणून सूनबाईंनी आपल्या पाटल्या मोडल्या. त्याच सुमारास नगरला वाचा-उपचारासाठी आठवड्यातून एकदा जायचे ठरले होते. एस.टी.चे भाडे, तिथली फी आणि माझ्या मुलाची बुडणारी मजुरी यांचा मेळ बसेना, म्हणून ते जाणे आम्ही बंद केले. ज्याचा उपयोग होण्यासारखा होता ते थांबवले आणि ज्याची कोणी खात्री देत नव्हते ते चालू ठेवले. आमचा हिशेब असा चुकला.

आता माझी स्वतःची चूक सांगते. नातवाच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्व कमी निघाले. डॉक्टरांनी पुड्या लिहून दिल्या. आठवड्याला एक, आठ आठवडे. त्याच दिवसांत सूनबाईंच्या भावाचे लग्न निघाले, ती माहेरी गेली आणि औषधपाणी माझ्या हाती आले. बाकीची औषधे रोजची, तशी हीही रोजचीच असणार असे धरून मी रोज एक पुडी दुधात घालून दिली. आठ दिवसांत पुड्या संपल्या, तेव्हा दुकानातून आणखी आठ आणवल्या. सोळा दिवसांत सोळा पुड्या झाल्या. पोर मलूल पडले, घोट-घोट पाणी मागू लागले, पोट अडले, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी विचारले, "आजी, घरातल्या सगळ्या बाटल्या घेऊन येता का?" मुलाने त्या पिशवीतून आणल्या. डॉक्टरांनी त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि कागदावर बेरीज केली.

ती बेरीज मला अजून पाठ आहे. लहान मुलाला दिवसाला 'ड' जीवनसत्त्व साधारण ६०० एकक लागते. एका पुडीत ६०,००० एकक असतात, म्हणजे शंभर दिवसांचे. आठवड्याला एक दिली तर ती कमतरता भरून काढते. मी सोळा दिल्या, म्हणजे सोळाशे दिवसांचे, चार वर्षांहून अधिक काळाचे, सोळा दिवसांत पोटात घातले. शिवाय सिरपमध्ये, पावडरीत आणि त्या पोस्टाच्या डब्यातही तेच जीवनसत्त्व होते, आणि वर कॅल्शियम. रक्तात कॅल्शियम वाढले होते. मूत्रपिंडे जायची, असे डॉक्टर म्हणाले. चार दिवस सलाईन लागले. पोर वाचले. सूनबाई लग्नाच्या मांडवातून आली ती थेट दवाखान्यात. मला एक शब्द बोलली नाही. माझ्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला आणि म्हणाली, "आई, तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत." भगिनींनो, त्या दिवसापासून घरात कोणतीही बाटली आली की मी आधी चष्मा लावते.

डॉक्टरांनी निघताना समजावून सांगितले ते असे. जीवनसत्त्वे दोन तऱ्हेची असतात. 'ब' आणि 'क' पाण्यात विरघळतात. ती जादा झाली तर बरीचशी लघवीवाटे जातात. तरी तीही वाटेल तेवढी घेऊ नयेत. 'ब-६' फार दिवस फार मोठ्या मात्रेत घेतले तर हातापायांच्या शिरा बधिर होतात. 'अ', 'ड', 'ई' आणि 'के' ही मात्र चरबीत विरघळतात आणि शरीरात साठत जातात. ती जादा झाली की विषासारखी बाधतात. लोहाचे तर विचारूच नका. गोड सिरपची बाटली मुलाने एकदम पिऊन टाकली तर जीव जाऊ शकतो. म्हणून लोहाची बाटली नेहमी कुलपात ठेवावी.

एवढे झाल्यावर मनात येते, मग काहीच देऊ नये की काय? तसे मुळीच नाही. स्वमग्न मुलांचे खाणे खरोखरच अडचणीचे असते, आणि त्यातून खऱ्या उणिवा निर्माण होतात. पुष्कळ मुलांना पदार्थाचा स्पर्श, वास, रंग, आवाज फार तीव्र जाणवतो. कोणी फक्त पांढरेच खाते, कोणी फक्त कुरकुरीत, कोणी एकाच रंगाच्या ताटलीतले. हा हट्ट किंवा लाडावलेपणा समजू नये. वर्षानुवर्षे दोन-चार पदार्थांवर राहिलेल्या मुलांना 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. हिरड्यांतून रक्त येते, पाय दुखतात, मूल चालेनासे होते. आणि ते बोलत नसल्याने दुखणे कुठे आहे हे कोणालाच कळत नाही.

तेव्हा क्रम असा असावा. मी तो पाच पायऱ्यांत सांगते.

पहिली पायरी म्हणजे वही. सात दिवस मुलाने काय खाल्ले, किती खाल्ले, काय थुंकले, शौचाला कधी झाले, झोपले किती, हे लिहून ठेवावे. "काहीच खात नाही" असे आपण म्हणतो, पण वही पाहिली की वेगळेच दिसते. आमच्या नातवाच्या वहीत दिवसाला जवळजवळ एक लिटर दूध, बिस्किटांचा एक पुडा, दूधभात आणि पाकिटातले कुरकुरीत, एवढेच निघाले. दुधाने पोट भरे, म्हणून दुसरे काही जात नसे. दुधात लोह जवळजवळ नसते. रक्त कमी का, त्याचे उत्तर वहीतच होते.

दुसरी पायरी म्हणजे वजन आणि उंची. अंगणवाडीचा काटा आपल्या दारात आहे. आकडा मागच्या आकड्याशी ताडून पाहावा.

तिसरी पायरी तपासणी. अंदाजाने कोणतीही कमतरता ठरवू नये. हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा, 'ड' आणि 'ब-१२' यांपैकी काय तपासायचे ते डॉक्टर मुलाचे खाणे ऐकून सांगतात. मूल माती, भिंतीचा पापुद्रा खात असेल तर ते अवश्य सांगावे. त्यामागे लोहाची कमतरता असू शकते, आणि जुन्या रंगातले शिसे पोटात जाण्याची भीती असते. शाकाहारी घरात 'ब-१२' कमी असणे पुष्कळदा आढळते. झटके येत असतील आणि त्याचे औषध चालू असेल तर कोणतीही पूरक गोळी विचारल्याशिवाय देऊ नये, आणि झटक्याचे औषध तर कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये.

चौथी पायरी म्हणजे सापडलेली उणीव भरणे. एका वेळी एकच वस्तू सुरू करावी. ती का सुरू केली, मात्रा किती, कधीपर्यंत द्यायची आणि पुन्हा तपासणी केव्हा, हे चारही वहीत लिहावे. चार वस्तू एकदम सुरू केल्या तर गुण कशाने आला आणि अपाय कशाने झाला, काहीच कळत नाही.

पाचवी पायरी म्हणजे थांबवणे. उणीव भरून निघाली की डॉक्टरांना विचारून औषध बंद करावे. आपल्याकडे सुरू करायला सगळे सांगतात, थांबवायला कोणी सांगत नाही.

आता एकेका वस्तूविषयी सांगते.

पायाभूत म्हणावे असे लोह पहिले. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी शंभरात सदुसष्ट मुलांना रक्त कमी आढळले. तेव्हा ही उणीव स्वमग्न मुलांचीच नाही, सगळ्यांचीच आहे. पण ज्याचे खाणे मोजके आहे त्याला ती अधिक गाठते, आणि रक्त कमी असले की झोप अस्वस्थ होते, चिडचिड वाढते. सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांखालील मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे सिरप आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एक गुलाबी गोळी मोफत मिळते. आपले मूल गोळी गिळत नाही म्हणून ते कार्यक्रमातून गळते. आशाताईंना, अंगणवाडीच्या बाईंना तसे सांगावे आणि पर्याय विचारावा. लोह दिल्यावर शौचाचा रंग काळा होतो, घाबरू नये. सोबत लिंबू किंवा आवळा द्यावा, चहा देऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या दिवशी जंताची गोळी असते, तीही चुकवू नये. पोटात जंत असले तर दिलेले लोह वाया जाते.

दुसरे 'अ' जीवनसत्त्व. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी त्याचे नऊ डोस सरकारी केंद्रात मिळतात. ते घेतलेले असतील तर बाहेरून 'अ' असलेले मोठे डोस देऊ नयेत. तिसरे 'ड' आणि 'ब-१२'. तपासणीत कमी निघाले तर डॉक्टर सांगतील त्या मात्रेत, आणि माझ्यासारखे नव्हे. चौथी गोष्ट आयोडीनयुक्त मीठ. ते तर रोजच्या स्वयंपाकात असावेच.

बहुजीवनसत्त्वांचे साधे सिरप किंवा गोळी ज्याचे खाणे फारच थोडे आहे त्याला काही काळ आधार म्हणून उपयोगी पडते. मात्र एकच घ्यावे. दोन कंपन्यांची दोन सिरपे म्हणजे तेच औषध दोनदा.

आता माशाच्या तेलाविषयी. त्यावर परदेशात चाचण्या झाल्या. स्वमग्नतेच्या मुख्य लक्षणांत त्याने सुधारणा होते असे खात्रीने सांगण्याजोगे काही त्यांतून हाती आले नाही. मोठ्या मात्रेतल्या 'ब-६' आणि मॅग्नेशियमचा पुरस्कार तर रिमलँड यांनीच मोठ्या तळमळीने केला. तथापि पुढे चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा त्यांना पुरेसा आधार सापडला नाही. ज्यांनी आयांवरचा डाग पुसला तेही या बाबतीत आशेच्या भरात पुढे गेले असावेत. यावरून आपण एवढेच घ्यावे की माणूस कितीही चांगला असो, औषध पुराव्यानेच तोलावे. पोटातल्या उपयुक्त जंतूंच्या पुड्यांवर संशोधन चालू आहे, पण स्वमग्नतेवर त्यांचा गुण सिद्ध झालेला नाही. घरचे ताजे दही आणि ताक मूल घेत असेल तर आनंदाने द्यावे. फोलिनिक आम्ल नावाचे एक औषध अलीकडे फार गाजते आहे. ते टॉनिक नाही, औषध आहे. काही थोड्या मुलांबाबत तज्ज्ञ डॉक्टर त्याचा विचार करतात. आपण होऊन दुकानातून आणू नये.

गहू आणि दूध बंद करा, मूल बोलू लागेल, असेही सांगितले जाते. त्यालाही भक्कम पुरावा नाही. गव्हाने खरोखर बाधा होणारा एक आजार आहे. तो रक्त तपासून कळतो, आणि गहू बंद करण्याच्या आधीच तपासावे लागते. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी आहेच, त्यामुळे गव्हावाचून आपले अडत नाही. पण ज्याचा सगळा आधार दूध आहे त्याचे दूध एकदम तोडले तर प्रथिने आणि कॅल्शियम कुठून आणायचे?

आणि शरीरातून जड धातू काढण्याची औषधे! ती तर उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नयेत. २००५ साली अमेरिकेत त्या उपचारात एक पाच वर्षांचे स्वमग्न मूल दगावले. उलट, ज्यात कोणती भस्मे आहेत ते लिहिलेले नाही अशा चाटणांतूनच शिसे पोटात जाण्याचा धोका असतो.

डबा विकत घ्यायचाच झाला तर वाचून घ्यावा. अन्नसुरक्षा खात्याचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का, मुदत कधी संपते, साखर किती, आणि प्रत्येक जीवनसत्त्व किती, हे पाहावे. आणखी एक गंमत दाखवते. पूरक पोषणाच्या डब्यावर कायद्याने एक ओळ छापावी लागते, ती इंग्रजीत बारीक असते. तिचा अर्थ असा की, ही वस्तू औषधी उपयोगासाठी नाही. विकणारा सांगतो हे औषध आहे, आणि त्याचाच डबा सांगतो की मी औषध नाही. अशा वेळी डब्यावर विश्वास ठेवावा. चॉकलेटी पावडरींचेही तसेच. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले की अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नयेत, कारण कायद्यात असे काही सदरच नाही.

भगिनींनो, हे सगळे आपण जामखेडकरांना नवे नसावे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येथे आले. पुढे दुष्काळ पडला. मुले हाडांचे सापळे झाली होती. त्या वेळी गावोगाव मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक झाले. खेड्यातल्या बायका, त्यांत अक्षरओळख नसलेल्याही, आरोग्यसेविका म्हणून शिकल्या आणि त्यांनी घरोघर जाऊन मुलांची वजने घेतली. महिला मंडळे उभी राहिली ती याच कामातून. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या निवडक प्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडवर प्रकरण आहे. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी शिकवलेली गोष्ट साधी होती. मूल वाढते ते घरातल्या धान्याने, डाळीने, शेंगदाण्याने, स्वच्छ पाण्याने, आणि शहाण्या झालेल्या आईमुळे. आपण ज्या गावात राहतो तिथे हे पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध झाले, आणि मी मात्र पोस्टाच्या डब्याची वाट पाहत होते!

चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १६ ग्रॅम प्रथिने लागतात. मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅम असतात, पेलाभर दुधात सहा-सात. उरलेली वरणभाकरीतून सहज मिळतात. मात्र लहान मुलाला अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. कूट करून द्यावे. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, तिळात त्याच्या कितीतरी पट. बाजरीत शंभर ग्रॅमला सहा मिलिग्रॅमच्या वर लोह आहे. अळीव, शेवग्याचा पाला, मटकी, हुलगे हे आपल्या बाजारात मिळतात.

पण मूल खाईल तर ना! हीच खरी अडचण. त्यालाही युक्ती आहे, पण ती सावकाशीची आहे. जे खाते त्याच्या अगदी जवळचा पदार्थ शोधायचा आणि एकेक पाऊल सरकायचे. आमच्या नातवाला कुरकुरीत आवडते, हे वहीवरून दिसले. उन्हाळ्यात मी बाजरीच्या खारोड्या घातल्या होत्या. त्यातली एक त्याच्या ताटलीच्या कडेला नुसती ठेवली. पाच दिवस त्याने ती खाली टाकली. सहाव्या दिवशी वास घेतला. दुसऱ्या आठवड्यात जिभेला लावली. तिसऱ्या आठवड्यात खाल्ली. एकदाही आग्रह केला नाही, की रागावलो नाही. मग तीळ लावलेली कडक भाकरी आली. दूधभातात आधी चमचाभर मऊ मुगाची डाळ, मग दोन चमचे. दूध हळूहळू अर्ध्या लिटरवर आणले. नऊ महिन्यांत चार पदार्थांचे अकरा झाले. हिमोग्लोबिन ८.२ होते ते १०.९ झाले. पोट साफ होऊ लागले आणि रात्री तो झोपू लागला. तो झोपला म्हणजे त्याची आई झोपली.

तो बरा झाला असे मी म्हणणार नाही. तो आजही स्वमग्न आहे आणि पुढेही राहील. आहाराने स्वमग्नता जात नाही. पण पोट दुखत नसले, रक्त पुरेसे असले, झोप झाली, की शिकवलेले शिकायला मूल तयार असते. वाचा-उपचार पुन्हा सुरू केले. डब्याचे पैसे वाचले, त्यांतूनच भाडे निघते. आज तो सातआठ शब्द बोलतो. त्यातला एक 'आजी' आहे. त्यापलीकडे मी काही मागत नाही.

शेवटी, आपल्या हक्काचे काय आहे तेही सांगून ठेवते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात, आणि वाढीत मागे असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवण्याची त्यात सोय आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळे दाखला आणि ओळखपत्र मिळते. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळू शकतो. कागद जमवायला वेळ लागतो, पण जमतात.

मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवते. पहिली, महिन्यातून एक दिवस ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी घरातल्या बाटल्या पिशवीत घालून येथे आणाव्यात. आपल्या शिकलेल्या मुली त्यांवरचे वाचून दाखवतील, एकच वस्तू दोनदा जात नाही ना ते पाहतील, आणि शंका डॉक्टरांकडे नेतील. औषध सांगण्याचे काम आपले नाही, बेरीज करण्याचे आहे. दुसरी, मंडळाच्या शिलकेतून नगरच्या भाड्यासाठी थोडी रक्कम वेगळी ठेवावी. तिसरी सर्वांत स्वस्त आहे. हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीला असे मूल आपला डबा घेऊन आले तर हसू नये, "एक घास खा की रे" म्हणून तोंडात कोंबू नये, आणि त्याच्या आईला "पोटुशी असताना काय खाल्लंस?" असे विचारू नये. विचारायचेच असेल तर, "तू जेवलीस का?" एवढे विचारावे. माझ्या सुनेने मला ते विचारले होते, आणि तेव्हा विचारायला हवे होते मी.

आपल्याच तालुक्यातल्या चोंडीत १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला. आज जिल्ह्याला त्यांचे नाव आहे. त्यांनी हिशेब चोख ठेवला आणि गरजूंना पदराखाली घेतले, असे आपण मुलांना सांगतो. आपणही आपल्या घरातल्या बाटल्यांचा हिशेब चोख ठेवू या आणि या मुलांच्या आयांना जवळ घेऊ या.